मुका मार समजून सोडू नका: खेळताना मेंदूला हादरा बसला तर मैदानापासून परतीपर्यंत काय करायचं

डोक्याला लागलं की मैदानावर पहिला प्रश्न ठरलेला असतो: रक्त आलं का? आलं तर धावपळ, नाही आलं तर "मुका मार आहे, तोंडावर पाणी मार, उठ". कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, नेमका या दुसऱ्या खात्यात हरवतो. टेंगूळ किती मोठं आहे, रक्त किती गेलं, यावरून आत काय झालं ते कळत नाही. ते कळतं माणसाच्या वागण्यावरून. म्हणून या लेखात जखमेपेक्षा बोलणं, चालणं, आठवण आणि झोप यांच्याकडेच जास्त लक्ष आहे.

आत नेमकं काय होतं

कवटीत मेंदू द्रवात तरंगत असतो. डोकं झटक्यात थांबलं किंवा गर्रकन फिरलं की मेंदू मागे राहतो, ताणला जातो, पिळवटतो. चेतापेशींच्या आवरणातून क्षार इकडचे तिकडे होतात. ते पुन्हा जागेवर आणायला पेशींना भरपूर ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडतो. ही ओढाताण काही दिवस चालते. त्यात मोठं काही तुटत किंवा फुटत नाही, म्हणून सीटी स्कॅन बहुतेक वेळा साफ येतो.

डोक्याला थेट मार लागायलाच हवा असंही नाही. कबड्डीत चढाईवाल्याच्या छातीला खांद्याचा जोरदार डॅश बसला आणि मानेला हिसका बसला, तरी पुरतं. शुद्ध हरपणं हीसुद्धा अट नाही. दहा कन्कशनमध्ये एखाद्यातच माणूस बेशुद्ध होतो. "बेशुद्ध कुठं झाला होता?" हा युक्तिवाद ऐकला की समजायचं, समोरच्याला उरलेले नऊ माहीत नाहीत.

मैदानावर: पहिली काही मिनिटं

खेळ थांबवा. पडलेल्याला हाताला धरून उठवू नका. आधी मान बघायची. जो सगळ्यात शांत आहे त्याने डोक्याशी गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी डोकं आहे त्या स्थितीत धरावं आणि विचारावं: मान दुखते का? हातापायाला मुंग्या येतात का? बोटं हलतात का? मान दुखत असेल, हातपाय बधिर असतील किंवा माणूस शुद्धीवर नसेल, तर मानेला इजा आहे असंच धरून चाला. हलवू नका, 108 ला फोन करा. क्रिकेटचं हेल्मेट ओढून काढू नका. श्वास अडत असेल किंवा उलटी होत असेल तेव्हाच कुशीवर वळवा, आणि तेही चौघांनी मिळून, डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून.

सोलापुरात 108 वर पत्ता सांगताना "पार्क मैदान" एवढ्यावर भागत नाही. कोणतं गेट ते सांगा आणि एका पोराला गेटवर उभं करा. खेड्यातल्या मैदानावर आणखी एक चूक हमखास होते: जखमीला मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून ट्रिपल सीट नेतात. मानेला इजा असेल तर रस्त्यातला पहिला खड्डाच घात करतो.

तोंडावर पाणी मारणं, कांदा किंवा चप्पल हुंगवणं, मान मोडणं, डोक्याला तेल चोळणं यातलं काहीच करायचं नाही. झटका आला तर तोंडात काही घालू नका. आजूबाजूच्या वस्तू बाजूला करा, झटका ओसरला की कुशीवर वळवा.

मान ठीक आहे, माणूस शुद्धीवर आहे, स्वतःहून उठून बसतो, तर त्याला बाजूला सावलीत घ्या. आता बघायचं ते असं: पडल्यावर क्षणभर निपचित होता का, उठताना तोल गेला का, डोकं धरून बसला का, नजर हरवल्यासारखी आहे का, उत्तर द्यायला वेळ लागतो का, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो का. यातलं एक जरी दिसलं तरी त्याचा खेळ त्या दिवसापुरता संपला. काहीच दिसत नाही, पण त्याला डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय, उजेड सहन होत नाही किंवा "काहीतरी वेगळंच वाटतंय", तरीही संपला. शंका असेल तर बाहेर. या नियमाला अंतिम सामन्याचा अपवाद नाही.

कोणते प्रश्न विचारायचे

"तुझं नाव काय?" हा प्रश्न निकामी आहे. स्वतःचं नाव जवळजवळ सगळेच सांगतात. विचारायचं ते चालू खेळाबद्दल: आपण कोणत्या मैदानावर आहोत? हा पहिला हाफ की दुसरा? शेवटचा गुण कुणी घेतला? याआधीचा सामना कुणाशी झाला, जिंकलो का? खो-खोत "आत्ता आपण पळतीवर होतो की पाठलागावर?" असं विचारा. एक उत्तर चुकलं तरी पुरे. मात्र सगळी बरोबर आली म्हणून सुटका नाही, कारण लक्षणं उशिरानेही येतात.

सोलापुरात एक गोष्ट विसरू नये. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या पोराला गोंधळलेल्या अवस्थेत मराठीतून प्रश्न विचारले, तर उत्तर का अडलं ते तुम्हाला कळणार नाही. त्याच्या घरच्या भाषेत बोलणारा सवंगडी जवळ घ्या.

मोबाइलच्या टॉर्चने बाहुल्या बघायची सगळ्यांना हौस असते. दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या तर ती गंभीर खूण आहे, पण उशिरा येणारी. सारख्या दिसल्या म्हणून निश्चिंत होऊ नका.

उशिरा येणाऱ्या लक्षणांचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियाचा फलंदाज स्टीव्ह स्मिथ. ऑगस्ट 2019 मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेजवळ लागला. तपासणीत पास होऊन तो पुन्हा फलंदाजीला आला, आणि दुसऱ्या दिवशी लक्षणं दिसल्यामुळे सामन्याबाहेर गेला. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला, कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू. डॉक्टरांचा ताफा असलेल्या संघात हे होतं, तर आपल्या टेनिस बॉल स्पर्धेत "दोन ओव्हर बसव, मग बघू" याला काय अर्थ आहे!

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीपार असताना, आणखी घोळ होतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही उन्हाचीही लक्षणं आहेत. सावली द्या, पाणी द्या, अंग गार करा. पण डोक्याला लागल्याचं कुणी पाहिलं असेल तर "ऊन लागलंय" म्हणून परत मैदानात पाठवू नका. आणि अंग तापलेलं असून माणूस बरळत असेल, तर तो उष्माघात असू शकतो. त्यालाही थेट रुग्णालयच.

ताबडतोब रुग्णालय

खालीलपैकी एकही खूण दिसली तर वाट बघू नका:

- शुद्ध हरपणं, किंवा गुंगी वाढत जाणं
- झटका किंवा आकडी
- वाढत जाणारी, असह्य डोकेदुखी
- उलट्या
- मान दुखणं, मानेला हात लावू न देणं
- दोन दोन दिसणं
- हातापायात अशक्तपणा, मुंग्या
- चिडचिड, आरडाओरडा, हातघाईवर येणं
- कान किंवा नाकातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त, कानामागे काळंनिळं
- कवटीला खळगा

यातली चिडचिड सगळ्यात जास्त फसवते. शांत स्वभावाचा पोरगा अचानक शिवीगाळ करायला लागला की लोक त्यालाच दटावतात. तो मेंदूचा त्रास असू शकतो.

कवटीच्या आत रक्तस्राव झाला तर मधला काही काळ माणूस अगदी ठीक वाटतो, आणि मग कोसळतो. फेब्रुवारी 1998 मध्ये ढाक्यात भारताचे माजी क्रिकेटपटू रमण लांबा हेल्मेटशिवाय शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, उभे होते. चेंडू डोक्यावर लागला, ते स्वतः चालत तंबूत गेले, आणि तीन दिवसांनी दगावले. म्हणून पहिले काही तास एकटं सोडायचं नाही, "जा घरी, झोप" म्हणून पाठवायचं नाही.

शहरात सिव्हिल, म्हणजे वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, शिवाय मोठी खासगी रुग्णालयं आहेत. अक्कलकोटहून सुमारे 40 किलोमीटर, बार्शी-पंढरपूरहून साधारण 70. तालुक्याच्या गावातून निघण्याआधी फोनवर एकच विचारा: आत्ता सीटी होईल का, आणि मेंदूचे सर्जन आहेत का? जवळचं रुग्णालय गाठून तिथून पुन्हा पुढे पाठवलं गेलं की मोलाचा वेळ जातो. मात्र श्वास किंवा शुद्ध बिघडत असेल तर जे सगळ्यात जवळ असेल तिथेच आधी.

डॉक्टरांना द्यायला एका कागदावर लिहून न्या: किती वाजता लागलं, कशाने, शुद्ध गेली का आणि किती सेकंद, उलट्या किती, आधी कधी असा मार बसला होता का, कोणती औषधं चालू आहेत. सकाळी होम मैदानावर खेळणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या मंडळींसाठी शेवटचा मुद्दा कळीचा आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लक्षण नसलं तरी डॉक्टरांना दाखवा.

सीटीचा आग्रह धरू नका, नकारही देऊ नका. सीटी रक्तस्राव आणि फ्रॅक्चर शोधायला असतो. साफ आला तर "रक्तस्राव नाही" एवढाच त्याचा अर्थ, कन्कशन तरीही असू शकतं. लहान मुलांत किरणोत्सर्गाचा विचार करून डॉक्टर काही तास नजरेखाली ठेवणं पसंत करतात. ती टाळाटाळ नसते.

पहिले 48 तास घरी

धोक्याची खूण नाही, डॉक्टरांनी घरी पाठवलं, आता काय? विश्रांती, पण अंधाऱ्या खोलीत डांबून ठेवण्याची नव्हे. तो जुना सल्ला आता मागे पडला आहे. घरातल्या घरात वावरणं, हळू चालणं, गप्पा चालतील. मोबाइल, टीव्ही, गेम मात्र पहिले दोन दिवस शक्य तितके बंद. हे पाळलं तर बरं व्हायला वेळ कमी लागतो, म्हणून इथे आजी-आजोबांनी लाड करू नयेत.

झोपू द्यायचं. "झोपला तर उठणार नाही" या भीतीने रात्रभर जागं ठेवणं त्रासदायक आहे. एकदा तपासणी झाली आणि माणूस नीट बोलतो-चालतो, तर झोप हाच उपचार. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं असेल तरच अधूनमधून उठवा. पहिली रात्र कुणीतरी त्याच खोलीत झोपावं.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. मुलांना दर किलो वजनामागे एका वेळी 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान 4 ते 6 तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. म्हणजे 30 किलोच्या मुलाला एका वेळी 300 ते 450 मिलिग्रॅम. सिरप घेताना बाटलीवर 5 मिलिलिटरमध्ये किती औषध आहे ते वाचा, कारण वेगवेगळ्या बाटल्यांत ते वेगवेगळं असतं. अॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन सुरुवातीला टाळा, रक्तस्रावाची शंका पूर्ण मिटलेली नसते. झोपेच्या गोळ्या नाहीत. दारू अजिबात नाही. सामन्यानंतरच्या 'बसण्यात' आतल्या रक्तस्रावाच्या खुणा नशा म्हणून खपून जातात.

घरात किंवा शेजारी यंत्रमाग असेल तर खटखटाटाने डोकेदुखी वाढते. दोन-चार दिवस दुसऱ्या नातेवाइकाकडे हलवता आलं तर उत्तम.

मुलं वेगळी का

मुलांचं डोकं धडाच्या मानाने मोठं, मान बारीक, म्हणून तोच धक्का डोक्याला जास्त हलवतो. बरं व्हायलाही वेळ लागतो: प्रौढ साधारण दोन आठवड्यांत सावरतात, मुलांना चार आठवडेही लागू शकतात. लहान पोरगं "गरगरतंय" म्हणून सांगत नाही. ते जेवत नाही, किरकिर करतं, आवडतं खेळणं बाजूला टाकतं, शांत बसतं किंवा नेहमीपेक्षा जास्त झोपतं. आईच्या "आज हा नेहमीसारखा नाही" या वाक्याला डॉक्टरही किंमत देतात, संघाच्या सरांनीही द्यावी.

डॉक्टर आणि फिजिओ वापरतात त्या चाचणीचं नाव स्कॅट-6. ती 13 वर्षांपुढच्यांसाठी, आणि 8 ते 12 वयोगटासाठी तिचं बालरूप आहे. 22 लक्षणांना 0 ते 6 गुण, दहा शब्दांची आठवण, तोल, असं सगळं त्यात येतं, आणि नीट करायला किमान 10 ते 15 मिनिटं लागतात. मार लागल्यापासून पहिल्या 72 तासांत ती सर्वाधिक उपयोगी. दोन मिनिटांत उरकली असेल तर ती झालीच नाही असं समजा.

शाळा आधी, खेळ नंतर. दोनेक दिवसांनी घरीच 20-30 मिनिटं वाचन. डोकेदुखी फार वाढली नाही तर वेळ वाढवा, मग अर्धी शाळा, मग पूर्ण. सगळी लक्षणं जाईपर्यंत शाळा बंद ठेवायची गरज नसते, उलट लांबण लागली की मूल खचतं. वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्या: खिडकीपासून दूर बसवणं, मध्ये विश्रांती, गृहपाठ कमी, पीटीचा तास नाही. मधल्या सुट्टीतली पकडापकडी हाही खेळच आहे, हे वेगळं सांगावं लागतं. दहावी-बारावीची परीक्षा तोंडावर असेल तर मुख्याध्यापकांशी पहिल्याच आठवड्यात, डॉक्टरांच्या कागदासह बोला. पेपरच्या आदल्या दिवशी काहीच होत नाही.

प्रौढांचं थोडक्यात: पहिले 24 ते 48 तास गाडी चालवायची नाही, दुचाकी तर नाहीच, आणि नंतरही गरगरणं किंवा संथपणा असेपर्यंत नाही. माग, कटिंग मशीन, उंचीवरचं काम यावर परतताना आधी अर्धी पाळी, सोबतीला कुणीतरी. कारकुनी काम लवकर सुरू करता येतं, पण स्क्रीनवर सलग तास नको.

मैदानावर परत: पायऱ्या

2022 मध्ये अॅमस्टरडॅमला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतून आलेल्या सहा पायऱ्या जगभर वापरल्या जातात. प्रत्येक पायरीला किमान 24 तास. व्यायामाने लक्षणं किंचित वाढली तर चालतं: दहापैकी दोन गुणांपर्यंत, आणि तासाभरात ओसरली पाहिजेत. त्याहून जास्त झालं की त्या दिवशी थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा.

पहिली पायरी रोजची कामं आणि चालणं. दुसरी हलका व्यायाम, दोन टप्प्यांत: आधी नाडी कमाल वेगाच्या सुमारे 55 टक्के, मग 70 टक्के. कमाल वेग ढोबळमानाने 220 वजा वय. पंधरा वर्षांच्या मुलाचा तो 205, म्हणजे आधी 113 आणि मग 143 च्या आसपास. घड्याळ नसेल तर मनगटावर 15 सेकंद मोजा: 28 ठोके, नंतर 36. सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने भरभर चालणं किंवा एका जागी ठेवलेली सायकल, दोन्ही चालतं. पैलवानांनी इथे बैठका हळूहळू सुरू कराव्यात. जोर थांबवा, त्यात डोकं खाली जातं आणि दाब वाढतो. मल्लखांबावरच्या उलट्या पकडीही थांबवा.

तिसरी पायरी आपल्या खेळाचा सराव, पण एकट्याने आणि डोक्याला लागण्याचा धोका नसलेला. खो-खोत नागमोडी पळणं, कबड्डीत मॅटवर पायांची हालचाल, क्रिकेटमध्ये चेंडूशिवाय फलंदाजी आणि धावा पळणं.

इथे थांबा. चौथ्या पायरीआधी सगळी लक्षणं गेलेली हवीत, व्यायामानंतरसुद्धा, आणि डॉक्टरांची परवानगी हवी. लोक नेमका हाच थांबा गाळतात, कारण तोवर पोरगा चांगला पळत असतो.

चौथी, संघासोबत पण टक्कर नसलेला सराव: खांबाला वळसा पण सूर नाही, रेडचा सराव पण पकड नाही, नेटमध्ये हेल्मेट घालून टेनिस बॉलचे हलके थ्रो. पाचवी, पूर्ण सराव: सूर, पकड, डॅश, लेदर बॉल, तालमीत खरी लढत. धोबीपछाडसारखे खांद्यावरून आपटणारे डाव सगळ्यात शेवटी. सहावी, सामना. चौथ्या, पाचव्या पायरीवर लक्षण आलं तर परत तिसरीवर.

संघाला डॉक्टर नसेल तर ब्रिटनने 2023 मध्ये तळागाळातल्या खेळासाठी काढलेला नियम घ्या, तो पाळायला सोपा आहे: सलग 14 दिवस लक्षणमुक्त राहिल्याशिवाय डोक्याला धोका असलेला सराव नाही, आणि मार लागल्यापासून 21 दिवसांच्या आत सामना नाही. मुलांसाठी आम्ही हाच धरू. पहिला हादरा भरला नसताना दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचित घडतं, पण बहुतेक मुलं आणि तरुणांतच, आणि जिवावर बेततं.

चार आठवड्यांनंतरही त्रास असेल तर "अशक्तपणा असेल" म्हणून टॉनिक पाजत बसू नका. मानेच्या सांध्यांचा त्रास, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड, डोळ्यांचा ताळमेळ, अर्धशिशी, झोप, चिंता यातलं काय आहे ते तपासून घ्या. प्रत्येकाचा उपाय वेगळा, आणि बऱ्याच गोष्टी फिजिओथेरपीने सुधारतात.

साधनं आणि स्पर्धेची तयारी

हेल्मेट कवटी आणि चेहरा वाचवतं, हादरा पूर्ण थांबवत नाही. क्रिकेटचं हेल्मेट घेताना बीएस 7928:2013 हे मानक बघा. जाळी आणि टोपीच्या कडेमधून चेंडू आत शिरता कामा नये. मुलाला "पुढच्या वर्षीही होईल" म्हणून मोठं घेऊ नका. जोराचा चेंडू बसलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला. खो-खोचे खांब गुळगुळीत हवेत, पक्के रोवलेले हवेत, आणि मॅटच्या जोडांमध्ये फट नको. मातीच्या मैदानावर सामन्याआधी खडे वेचा, पाणी मारा. आखाड्याची माती आदल्या दिवशी खणून भुसभुशीत करा.

कबड्डीत सात खेळतात, पाच राखीव असतात. बदली खेळाडू बसलेलाच असतो, फक्त त्याला आत पाठवायचं धैर्य लागतं. म्हणून आयोजकांनी स्पर्धा सुरू होताना माइकवरून दोन गोष्टी जाहीर कराव्यात: डोक्याला लागलेला खेळाडू त्या दिवशी परत उतरणार नाही, आणि हा निर्णय पंचांनी नेमलेली एकच व्यक्ती घेईल, तिचं नाव हे. नाव आधी घेतलं की शेवटच्या दोन मिनिटांत, दोन गुणांनी मागे असताना, मैदानात हुज्जत होत नाही.